चंद्राला टिचकी

आमच्या घरी माठ निवडायचं काम नातवंडांच्या आजीचं. आठवडी बाजारात कुंभार माठ मांडून बसलेला असतो. आजी त्यातला एक उचलते, डाव्या तळव्यावर तोलते, उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारते आणि कान जवळ नेते. "हा नको." दुसरा उचलते. "हाही नको." मग एखादा खणखणीत वाजतो आणि आजीचा चेहरा खुलतो. बाहेरून बघितलं तर सगळे माठ एकाच रंगाचे, एकाच घडणीचे.

यंदा आमची सातवीतली नात सोबत होती. ती म्हणाली, "आजी, आत न बघता तुला कसं कळतं?"

आजी म्हणाली, "आत बघायचं तर फोडावा लागेल. वाजवला की न फोडता कळतं."

मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. भूगर्भशास्त्राचं मर्म इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आलं नाही. तेव्हाच मनाशी ठरवलं, या माठावरून लेकरांना चंद्राची गोष्ट सांगायची.

तो योग चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आला. आम्ही सगळे येरमाळ्याला येडेश्वरीच्या जत्रेला गेलो होतो. पालखी आमराईत आली, भाविकांनी चुनखडी वेचली, आमच्या नातवानेही दोन्ही खिसे भरून पांढरे खडे घेतले. रात्री लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो आणि उकाड्यामुळे गच्चीवर अंथरुणं टाकली. पौर्णिमा उलटून एकच दिवस झाला होता. चंद्र वर आला, तसा नातू खिशातला खडा त्याच्यापुढे धरून म्हणाला, "आबा, चंद्रही असाच पांढरा आहे. मग त्याच्यावर ससा काळा कशाचा?"

"लेकरा," मी म्हणालो, "तो ससा आपल्याच दगडाचा आहे."

दोघंही उठून बसली.

आपल्या जिल्ह्यात विहीर खणली की काय लागतं? वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. धाराशिवची लेणी याच पाषाणात कोरलेली, नळदुर्गचा किल्ला याच पाषाणाचा. शास्त्रज्ञ त्याला बसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तप्त लाव्हा वाहत आला, थरावर थर साचले आणि थिजले. अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र त्या थरांवर उभा आहे. चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचेच. तिथे फार पूर्वी प्रचंड खोलगट जागा तयार झाल्या, त्यांत आतून लाव्हा आला आणि थिजला. आपल्या पूर्वजांना त्या डागांत ससा दिसला म्हणून चंद्र शशांक झाला, हरीण दिसलं म्हणून मृगांक झाला. दुर्बिणीतून पहिल्यांदा बघणाऱ्यांना ते समुद्र वाटले, म्हणून पुस्तकांत अजून समुद्र हेच नाव आहे. थेंबभर पाणी त्यांत नाही. आहे तो आपला काळा पाषाण, फक्त वयाने आपल्यापेक्षा कितीतरी थोरला. बराचसा तीनशे कोटी वर्षांहून जुना.

"आणि पांढरा भाग?" नातीने विचारलं.

पांढरा भाग त्याहून जुना. तुझ्या भावाच्या हातातली ती चुनखडी आहे, चंद्रावरचा पांढरा दगड वेगळा. त्याला अनॉर्थोसाइट म्हणतात. चंद्र जन्मला तेव्हा त्याचा वरचा कित्येक किलोमीटर भाग वितळलेल्या दगडाचा होता, दगडाचा महासागरच म्हणा. तो निवत गेला तशी जड खनिजं तळाला बसली आणि हलकी, पांढरी खनिजं दुधावरच्या सायीसारखी वर आली. त्या सायीचं कवच झालं. आपल्याला चमकताना दिसतं ते हे कवच.

"मग ससा बसायला खड्डे कुणी केले?"

या प्रश्नाचं उत्तर तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. आजीकडून परात मागून घेतली. परातीत चार बोटं गव्हाचं पीठ पसरलं, वरून चिमटी-चिमटीने हळदीचा पातळ थर दिला. वरून बघितलं तर सगळी परात पिवळी. मग नातवाला म्हणालो, "खिशातला एक खडा घे आणि डोक्याएवढ्या उंचीवरून सोड."

खडा पडला. मध्ये गोल खळगा झाला, कडेला पिठाचा कठडा उभा राहिला आणि पिवळ्या हळदीवर चहूकडे पांढऱ्या रेघा उमटल्या. खाली दडलेलं पीठ वर आलं होतं.

नातीच्या लगेच लक्षात आलं. "आबा, मार लागला की आतलं बाहेर येतं."

नेमकं हेच. माझ्याकडे एक जुनी छोटी दुर्बीण आहे. ती तिच्या हातात दिली आणि चंद्राच्या दक्षिण भागातला लखलखीत ठिपका दाखवला. त्याच्यापासून किरणांसारखे पांढरे पट्टे निघून अर्ध्या चंद्रावर पसरले आहेत. त्या विवराचं नाव टायको, रुंदी सुमारे ८५ किलोमीटर. सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वी तिथे एक मोठा पाषाण आदळला. आपल्या परातीतल्या रेघा आणि टायकोचे पट्टे एकाच कारणाने झाले. फरक वेगाचा. आपला खडा हातातून सुटला होता, अवकाशातला पाषाण सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने येतो. म्हणजे धाराशिवहून निघाला आणि "एक" म्हणेपर्यंत तुळजापुरात पोचला.

इतक्या वेगात दगड जमिनीत रुतत नाही. त्याच्या वेगातली सगळी ताकद एका क्षणात उष्णता आणि दाब होऊन बाहेर पडते, सुरुंग उडावा तशी. म्हणून तो तिरका आला तरी खड्डा बहुधा गोलच होतो. खड्डा फार मोठा असेल तर दबलेली जमीन उसळी घेते, आणि पाण्यात थेंब पडल्यावर मधोमध पाण्याची उभी शेंडी येते तसा विवराच्या मध्यभागी डोंगर उभा राहतो. टायकोच्या मध्यभागी असा डोंगर आहे. तो खोलवरच्या दगडाचा बनलेला असतो. म्हणून चंद्राच्या पोटातलं काही बघायचं असेल तर शास्त्रज्ञ आधी अशा डोंगरांकडे बघतात.

"आपल्याकडे पडला होता का असा दगड?" नातवाने विचारलं. आवाजात थोडी भीती होती.

पडला होता. त्याची खूण बघायला मी शाळेची सहल घेऊन गेलो आहे. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. सपाट रानातून चालत जावं आणि पायाखालची जमीन एकदम संपावी, अशी ती जागा. समोर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल वाडगा, तळाशी खारट पाण्याचं सरोवर, उतारावर झाडी, काठाने जुनी देवळं. गावात दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर आहे. जमिनीखाली दडून बसलेल्या लवणासुराला विष्णूने मारलं, अशी तिथली कथा. कथा सांगणाऱ्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती, की ही जमीन आपोआप खचलेली नाही, इथे वरून कुणीतरी मोठा घाव घातला आहे.

शास्त्रज्ञांना हे पटायला पुष्कळ काळ लागला. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. आजूबाजूचा सगळा दगड लाव्हाचा, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असं बहुतेकांना वाटत राहिलं. चंद्रावरची विवरंही ज्वालामुखीचीच, असं कित्येक विद्वान विसाव्या शतकातही मानत होते. दोन्हीकडे चूक एकच होती: दगडाला बघून निकाल दिला, घावाला विचारलंच नाही.

मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून सरोवराच्या तळात भोकं पाडली. साधारण शंभर मीटर गाळाखाली पिचलेला, चिरडलेला बसाल्ट लागला. त्यात एक काच सापडली, तिचं नाव मास्केलिनाइट. ही काच वितळून होत नाही. आपल्या हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब क्षणभर बसला, तर बसाल्टमधलं एक खनिज जागच्या जागी काच होतं. असा दाब कुठला ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९७३ मध्ये त्यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि लोणारचा निकाल लागला. त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी चंद्रावरून आणलेल्या दगडांतही ही काच सापडली होती. बसाल्टमध्ये झालेलं इतकं नीट राहिलेलं विवर पृथ्वीवर फार दुर्मिळ, म्हणून चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारी माणसं आजही दूरदेशाहून लोणारला येतात. घाव केव्हा बसला, त्याचा अलीकडचा हिशेब सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं असा आहे.

"चंद्रावर इतके खड्डे आणि आपल्याकडे एवढे कमी कसे?" नात म्हणाली. "आपल्याला मार लागलाच नाही?"

लागला, बाळा, चंद्राइतकाच लागला. पण पृथ्वीला पाऊस आहे, नद्या आहेत, वारा आहे, तिचं कवचही सारखं सरकतं. ती आपले व्रण पुसून टाकते. चंद्राकडे पाऊस नाही, वारा नाही. चारशे कोटी वर्षांपूर्वीची जखमही तो तशीच जपून ठेवतो. आपल्या लहानपणी काय काय झालं, हे पृथ्वी विसरली आहे. ते चंद्राला विचारावं लागतं.

इथे आजी म्हणाली, "अहो, माठाचं काय झालं? टिचकीचं सांगणार होता ना?"

हो, आता टिचकी. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये अपोलो १२ चे दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले आणि त्यांनी तिथे कंपमापक ठेवला. जमीन केसभर हलली तरी टिपणारं ते यंत्र. वर परतल्यावर त्यांनी आपलं रिकामं झालेलं यान मुद्दाम चंद्रावर आपटू दिलं. ती २० नोव्हेंबरची गोष्ट. शास्त्रज्ञांना वाटलं, चार-दोन मिनिटं कंप दिसेल आणि थांबेल. तो जवळजवळ तासभर चालला. पुढच्या एप्रिलमध्ये अपोलो १३ च्या अग्निबाणाचा रिकामा टप्पा आदळवला, तेव्हा तर तीन तासांहून जास्त वेळ चंद्र थरथरत होता. चंद्र घंटेसारखा वाजला, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं.

"म्हणजे चंद्र आतून पोकळ आहे?" नातू ओरडलाच.

नाही. चंद्राचं वजन आणि आकार दोन्ही आपल्याला माहीत आहेत. त्यावरून हिशेब केला तर तो सरासरीने पाण्याच्या ३.३ पट जड भरतो, आपल्या काळ्या पाषाणापेक्षाही थोडा जास्त. पोकळ वस्तू इतकी जड भरत नाही.

नात विचारात पडली होती. ती म्हणाली, "पण आबा, फुटका माठ तर बद्द वाजतो. इतका मार खाऊन फुटलेला चंद्र एवढा वेळ कसा वाजला?"

हा प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. शास्त्रज्ञांनाही हेच कोडं पडलं होतं. उत्तर असं आहे, की चंद्राचा नाद माठासारखा एका सुराचा नव्हता. जत्रा सुटल्यावर काय होतं? देवळाच्या दारातून माणसं एकाच वेळी निघतात, पण कुणी सरळ वाटेने येतं, कुणी गल्लीबोळांत शिरतं, कुणी चुकून मागे फिरतं. आपल्या गावात पहिला माणूस आठला पोचतो, शेवटचा मध्यरात्री. चंद्राच्या वरच्या भागात भेगाच भेगा आहेत. कंप या भेगेवरून त्या भेगेवर आपटत, भरकटत येतो, म्हणून तो येतच राहतो. आणि वाटेत तो विरत नाही, कारण चंद्र कोरडा आहे. नव्या कोरड्या माठाला टिचकी मारली तर तो खणकतो. पाण्याने भरला की तोच माठ बद्द होतो, पाणी नाद गिळतं. पृथ्वीच्या खडकांतल्या फटींत पाणी मुरलेलं आहे, ते कंप गिळून टाकतं. चंद्र हा कोरडा माठ आहे.

अपोलोच्या वीरांनी चार ठिकाणी मागे ठेवलेली अशी यंत्रं वर्षानुवर्षं चंद्राच्या अंगाला कान लावून बसली. बारा हजारांहून जास्त कंप त्यांनी टिपले. त्यांतले सुमारे सतराशे उल्कांच्या आघातांचे. काही कंप सातशे ते बाराशे किलोमीटर खोलवरचे, आणि ते महिन्याच्या पाळीने यायचे. पृथ्वी चंद्राला ओढते, तो ताण महिन्यात कमी-जास्त होतो आणि त्या तालावर चंद्राचं पोट हलकेच कुरकुरतं. आपण चंद्रामुळे समुद्राला भरती येते म्हणतो. पृथ्वीमुळे चंद्राच्या दगडालाही भरती येते.

आता पुढचं सांगण्याआधी मी थोडा थांबलो. कंपांबद्दल सांगायचं तर या गावात एका रात्रीचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

१९९३ साल होतं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आधी जमिनीखालून जड गाडी गेल्यासारखी घरघर आली. मग हिसके बसले. मी अंगणात झोपलो होतो, माझी आई आत. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. मिनिटभरात सगळं बसलं. किल्लारी, सास्तूर, आजूबाजूची कितीतरी गावं. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून हजारो माणसं गेली. तुमची पणजी त्यांत होती.

लेकरं गप्प झाली. आजीने नातीच्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हा लोक म्हणाले, देवीचा कोप झाला. मी देवीला मानतो, दर वर्षी तुळजापूरला पायी जातो. पण मी सांगतो, तो कोप नव्हता. आई आपल्या लेकरांवर माळवद पाडत नाही. भारताची जमीन दर वर्षी काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते आहे, हिमालयाला रेटते आहे. त्या रेट्याने आपल्या पायाखालचा एक जुना तडा घसरला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीला भोक पाडून पाहिलं, तेव्हा बसाल्ट सुमारे ३३८ मीटर जाड निघाला, आणि त्याच्या खाली त्याहून कितीतरी जुना खडक. तोवर आपण कशावर राहतो, हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

त्या पहाटेची घरघर आणि हिसके, या दोन वेगळ्या लहरी होत्या. पहिली ढकलणारी. रांगेतल्या शेवटच्या पोराने ढकललं की धक्का पुढे पुढे जातो, तशी ती जाते. ती वेगवान, म्हणून आधी येते. दुसरी हिसका देणारी. बैलाचं दावं एका टोकाला झटकलं की लाट दुसऱ्या टोकाला जाते, तशी. ती मागून येते आणि घरं ती पाडते. या दुसऱ्या लहरीचा एक गुण आहे: ती द्रवातून जाऊ शकत नाही. दाव्याला हिसका देता येतो, पाण्याला देता येत नाही. रिचर्ड ओल्डहॅम नावाचे शास्त्रज्ञ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाच्या नोंदींवरून त्यांनी या लहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये, पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा असला पाहिजे, हे लहरींवरूनच दाखवलं. कुणी तिथे गेलं नव्हतं. पृथ्वी न फोडता कळलं.

चंद्राचंही तसंच झालं. १९७२ च्या जुलैमध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर एक मोठी उल्का आदळली. तिची लहर चंद्राच्या पोटातून आरपार अलीकडच्या यंत्रांपर्यंत आली. ढकलणारी लहर पोचली, पण फार खोलवरून आलेली हिसक्याची लहर नीट सापडेना. म्हणजे आत कुठेतरी दगड अर्धवट वितळलेला आहे. पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्याच जुन्या नोंदी नव्या संगणकांनी पुन्हा चाळल्या आणि चंद्राच्या पोटाचा नकाशा मांडला: अगदी मध्ये २४० किलोमीटर त्रिज्येचा घन लोखंडी गोळा, त्याभोवती ३३० किलोमीटरपर्यंत वितळलेलं लोखंड, आणि त्यावर ४८० किलोमीटरपर्यंत अर्धवट वितळलेला दगड.

"हे मोठं की लहान?" नातीने विचारलं.

फार लहान. रायवळ आंबा आणि केशर आंबा आठव. रायवळाची कोय मोठी, गर थोडा. केशराची कोय बारीक, गर भरपूर. पृथ्वीचा लोखंडी गाभा तिच्या त्रिज्येच्या निम्म्याहून मोठा, ती रायवळ. चंद्राचा गाभा त्याच्या त्रिज्येच्या जेमतेम पाचवा हिस्सा, तो केशर.

आता असं का झालं, त्याचं उत्तरही एका घावातच आहे. १९७५ मध्ये विल्यम हार्टमन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी ही कल्पना मांडली, आणि आज बहुतेक शास्त्रज्ञ तिच्याकडे झुकतात. सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी नवी होती, तेव्हा मंगळाएवढा एक ग्रह तिच्यावर आदळला. त्याचं लोखंड पृथ्वीच्या गाभ्यात बुडालं. उडाला तो बहुतेक वरचा दगड, म्हणजे गर. तो गर पृथ्वीभोवती फिरत एकत्र आला आणि त्याचा चंद्र झाला. कोय आपल्याकडे राहिली, गर त्याच्याकडे गेला.

चंद्राचं कवच कसं आहे, तेही न फोडताच कळलं. २०१२ मध्ये दोन जुळी यानं एकामागे एक चंद्राभोवती फिरली. खाली जड खडक आला की पुढचं यान किंचित ओढलं जाई, मग मागचं. दोघांतल्या अंतरात पडणारा केसाहून बारीक फरक मोजत त्यांनी चंद्राच्या ओढीचा नकाशा काढला. त्या मोहिमेचं नाव ग्रेल. तिच्यातून कळलं, की चंद्राचं कवच सरासरी ३४ ते ४३ किलोमीटर जाड आहे आणि त्याचा सुमारे बारा टक्के भाग म्हणजे नुसत्या फटी आणि पोकळ्या. उल्कांनी कोट्यवधी वर्षं कुटून कुटून त्याचा मुरूम केला आहे. आपल्याकडे मुरूम पुरुषभर, फार तर दोन-तीन पुरुष. चंद्रावर तो किलोमीटरच्या किलोमीटर खोल.

"आपलं यान?" नातू आता पेंगत होता, पण हा प्रश्न त्याने सोडला नाही.

आपणही चंद्राला हात लावला आहे, राजा. पहिल्यांदा टिचकी मारली. २००८ च्या १४ नोव्हेंबरला, तुमच्या बालदिनी, चांद्रयान-१ मधून एक छोटी पेटी सुटली आणि तिरंग्यासह चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळली. पुढे आपण अलगद उतरलो, २३ ऑगस्ट २०२३ ला. आपली प्रज्ञान नावाची गाडी तिथे १०३ मीटर चालली, २३ ठिकाणी तिने माती तपासली, आणि त्या मातीत पांढऱ्या सायीचा अंश सापडला. तिथून जवळच चंद्रावरचं सर्वात मोठं विवर आहे, अडीच हजार किलोमीटर रुंदीचं. फार खोलवरून उसळलेल्या दगडाचाही अंश अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना त्या मातीत दिसला. ती गाडी घेऊन उतरलेल्या विक्रम यानावर आपला कंपमापकही होता, बंगळुरूला बनवलेला, नाव इल्सा. त्याने अडीचशेच्या आसपास कंप टिपले. दोनशेएक गाडीच्या चालण्याचे आणि यानावरच्या यंत्रांचे होते. पन्नासेक मात्र कशाचे, ते अजून तपासलं जात आहे. अपोलोची यंत्रं बंद केल्यानंतर चंद्राच्या अंगाला पुन्हा कान लागला तो आपला.

अपोलोची यंत्रं कधी बंद केली, ती तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे: ३० सप्टेंबर १९७७. यंत्रं चालू होती, खर्च परवडेना म्हणून ऐकणं थांबवलं. त्याच तारखेला सोळा वर्षांनी आपलं गाव पडलं. दोन तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कुठला संकेत नाही. पण त्या दिवशी दर वर्षी मी वही उघडतो, तेव्हा दोन्ही ओळी एकाखाली एक दिसतात आणि एकच गोष्ट सांगतात. किल्लारीच्या भागात आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान लहान हादरे बसले होते. त्यांवरून मोठ्या भूकंपाची तारीख कुणाला सांगता आली नसती, आजही येत नाही. पण जमिनीने टिचकी मारून सांगितलेलं ऐकता आलं असतं, तर भिंत कशी असावी, छप्पर किती जड असावं, हे कळलं असतं. आता आपल्या घराला दारं-खिडक्यांच्या वरून सिमेंट आणि लोखंडाचा पट्टा फिरवलेला आहे. तो पट्टा म्हणजे ऐकून घेतलेली गोष्ट. तो आधी असता तर कदाचित तुम्हीही पणजीच्या मांडीवर खेळला असता.

नातू झोपला होता, मुठीत खडा तसाच. नातही आडवी झाली. परातीतलं पीठ आजीने चाळून ठेवलं.

भूकंपाच्या त्या रात्रीपासून माझी झोप पहाटे चारच्या आत मोडते. कालही मोडली. चंद्र पश्चिमेकडे कलला होता, ससा उलटा झाला होता. बघतो तर नात जागी. गच्चीच्या कठड्याला कान लावून बसली होती.

"काय ऐकतेस?"

"काही वाजत नाही, आबा."

"बरं आहे," मी म्हणालो. "अजून थोडं ऐक, मग झोप."

तिने बोटाने कठड्याला टिचकी मारली आणि पुन्हा कान लावला. मीही तिच्या शेजारी बसलो आणि कान लावला.